पाखंडी शोधणारा खेळ, गोव्याचं इन्क्विझिशन आणि तुमचा सिनॉप्सिस



पेट निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. सिनॉप्सिस म्हटलं की आपण फॉरमॅट शोधतो. मार्जिन किती, फॉन्ट कोणता, हायपोथेसिस किती लिहायच्या, सॅम्पल साइज किती दाखवली की आरआरसी काही बोलणार नाही. हे सगळं लागतंच. पण एक प्रश्न फॉरमॅटमध्ये कुठेच छापलेला नसतो आणि कमिटीतला एखादा जाणता माणूस नेमका तोच विचारतो : तुमच्या पद्धतीतून उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं का?

हा प्रश्न नीट कळावा म्हणून आज एक व्हिडिओ गेम घेऊया, त्यानंतर गोव्याचा इतिहास, आणि शेवटी आपल्या मेहकरच्या शेजारचं लोणार. तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, ते वाचता वाचता लक्षात येईल.

खेळ काय आहे?

‘इन्क्विझिटर’ नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे. चेक प्रजासत्ताकातल्या सिनेमॅक्स या कंपनीने बनवलेला. चेक भाषेत तो २००९ मध्ये आला आणि इंग्रजीत २०१२ मध्ये, कारण त्यात वाचायचा मजकूरच प्रचंड आहे. दिसायला एकदम जुन्या वळणाचा. नव्वदीच्या दशकातल्या गेमसारखं वरून तिरकं दिसणारं गाव, काळपट रंग, पानंच्या पानं संवाद. सुरुवातीला तुम्ही पुरोहित, पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा, किंवा चोर यांपैकी एक पात्र निवडायचं. मध्ययुगीन युरोपसारखं एक काल्पनिक राज्य आहे, तिथे काहीतरी भयंकर चाललंय, आणि तुमचं काम आहे पाखंडी शोधणं. पाखंडी म्हणजे ज्याची श्रद्धा अधिकृत धर्ममतापासून ढळली आहे असा माणूस.

खेळायचं कसं? गावात फिरायचं, लोकांशी बोलायचं, पुरावे आणि साक्षी गोळा करायच्या. पुरेसं जमलं की संशयिताला अटक. मग कोठडी. तिथे छळ करून वदवून घ्यायची सोयसुद्धा खेळात आहे. आणि शेवटी शिक्षा.

खेळ म्हणून तो अंधारा आहे, संथ आहे, सगळ्यांना झेपणारा नाही. पण संशोधनाच्या नजरेने बघितलं तर त्यात एक फार मोठी चैन आहे, जी खऱ्या आयुष्यात कुणालाच मिळत नाही. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे कथा लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही चुकीच्या माणसाला धरलं तरी खरं उत्तर खेळाच्या फाइलींमध्ये कुठेतरी लिहिलेलं आहेच. डेटा सायन्सवाले याला ‘ग्राउंड ट्रुथ’ म्हणतात. तपासून बघायला उत्तरपत्रिका आहे, म्हणून खेळात ‘चूक’ या शब्दाला अर्थ आहे.

आता ती उत्तरपत्रिका काढून टाका. तीच पद्धत ठेवा : संशय, साक्ष, अटक, कोठडी, कबुली. पण कबुली खरी की खोटी हे तपासायला बाहेरचं काहीच नाही. मग काय होईल? याचं उत्तर कल्पनेत शोधायची गरज नाही. आपल्याच किनाऱ्यावर हा प्रयोग अडीचशे वर्षं चालला.

गोव्यातलं ‘व्हडलें घर’

पोर्तुगीजांनी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू केलं. १७७४ मध्ये ते बंद झालं, चारच वर्षांनी पुन्हा सुरू झालं, आणि कायमचं संपलं १८१२ मध्ये. जुन्या गोव्यातल्या आदिलशाही वाड्यात त्याचं बस्तान होतं. लोक त्या इमारतीला ‘व्हडलें घर’ म्हणत. थोरलं घर. नाव घ्यायचीही भीती असली की माणसं असंच काहीतरी साधं नाव ठेवतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण या विषयावर व्हॉट्सॲपवर काहीही फिरतं. या न्यायालयाचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. सुरुवातीच्या काळात निशाण्यावर होते ‘नवे ख्रिश्चन’, म्हणजे ज्यांच्या ज्यू पूर्वजांना पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं होतं ते. पुढे बहुतेक खटले स्थानिक धर्मांतरितांवर चालले. आरोप असा, की हे लपून जुन्या चालीरीती पाळतात. काही ठरावीक आरोपांवर बिगरख्रिस्ती लोकांनाही तिथे ओढलं जाई. म्हणजे ज्यांनी सोसलं त्यातले बहुसंख्य स्वतः ख्रिस्तीच होते. तेव्हा ही गोष्ट आजच्या कुठल्या समाजाला टोमणा मारायला वापरू नका. आपला विषय पद्धत हा आहे.

आणि पद्धत कच्ची नव्हती बरं का. नियमपुस्तकं होती, कारकून होते, जबाब लिहून घेतले जात, लिस्बनला पत्रं जात, वरून सूचना येत. सगळं रीतसर. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिली अडचण : मनातलं मोजायचं कसं?

श्रद्धा डोळ्यांना दिसत नाही. मग जे दिसतं त्यावरून ती ओळखायची. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण ‘ऑपरेशनल व्याख्या’ आणि ‘प्रॉक्सी’ वाचतो ना, ते हेच. जे मोजता येत नाही त्याच्या जागी मोजता येईल असं काहीतरी धरायचं.

गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये एक लांबलचक आज्ञापत्र काढलं. स्थानिक ख्रिश्चनांनी काय करायचं नाही याची ती यादी होती. त्यात काय काय असावं? घराजवळ तुळस लावायची नाही. बायकांनी चोळी घालायची नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही. आणि हिंदू करतात तसा मीठ न घालता भात शिजवायचा नाही.

बिनमिठाचा भात! आता सांगा, आपल्याकडे किती घरांत भातात मीठ घालतात आणि किती घरांत वरणातच घालतात? माणूस भातात मीठ का घालत नाही याची शंभर कारणं असतील. आईने तसं शिकवलं, मीठ महाग झालं, वैद्याने पथ्य सांगितलं, विसरली. पण एकदा ‘बिनमिठाचा भात म्हणजे छुपी जुनी श्रद्धा’ असं ठरलं, की ही बाकीची नव्याण्णव कारणं वहीत लिहायला रकानाच उरत नाही.

आपण हे रोज करतो. उदाहरण पाण्याचं घ्या. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये ‘पाणी पिण्यायोग्य आहे की नाही’ हे नुसत्या टीडीएस मीटरवर ठरवलेलं असतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. भारतीय मानकात त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पण फ्लोराइडची मर्यादा आहे लिटरला १ मिलिग्रॅम, आणि पर्याय नसेल तर फार तर दीड. टीडीएस ३०० आलं म्हणून फ्लोराइड कमी आहे असं मीटर सांगत नाही. त्याला ते कळतच नाही. मीटर खोटं बोलत नाही. आपणच त्याला न कळणारा प्रश्न विचारतो आणि त्याच्या आकड्याला उत्तर समजतो.

म्हणून पहिलं काम : सिनॉप्सिसमध्ये तुम्ही जे मोजणार आहात त्याच्यापुढे लिहा, ‘हेच मोजमाप दुसऱ्या कोणत्या कारणाने असंच येऊ शकतं?’ तीन कारणं तरी सुचली पाहिजेत. एकही सुचत नसेल तर विषय अजून वाचायचा राहिलाय असं समजा.

दुसरी अडचण : ‘हो’ म्हटलं तरी हो, ‘नाही’ म्हटलं तरी हो

शार्ल दलों नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. १६७३ मध्ये त्याला दमणला पकडून पुढे गोव्याला आणलं. जानेवारी १६७६ मध्ये त्याला जाहीर शिक्षा सुनावली गेली. सुटून युरोपात परतल्यावर त्याने आपला अनुभव लिहिला आणि १६८७ मध्ये तो पुस्तकरूपाने छापून आला. आतून पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं असं फार थोडं हाती आहे.

त्या न्यायालयाची रीत अशी होती. आरोपीला आरोप काय आहे ते सांगायचं नाही. साक्षीदारांची नावं सांगायची नाहीत. त्याला फक्त म्हणायचं, स्वतःच्या मनात डोकावून बघ आणि काय केलंस ते कबूल कर.

आता पर्याय मोजा. कबूल केलं तर दोषी, प्रायश्चित्त घे. थोडंच कबूल केलं आणि साक्षीदारांनी सांगितलेली गोष्ट त्यात आली नाही, तर कबुली अपुरी. त्यासाठी ‘दिमिनुतो’ असा खास शब्द होता. आणि साक्षी पुरेशा धरल्या गेल्या असतील व तुम्ही काहीच कबूल केलं नाहीत, तर तुम्ही ‘नेगातिव्हो’, म्हणजे नाकारणारा. ही स्थिती सगळ्यांत धोक्याची. कारण कबूल करणारा पश्चात्ताप तरी करतो, नाकारणारा हटवादी पाखंडी ठरतो आणि जाळण्यासाठी सरकारच्या ताब्यात दिला जाऊ शकतो.

जो खरोखर निर्दोष आहे, त्याच्याकडे कबूल करायला काहीच नाही. म्हणजे या पद्धतीत सर्वांत मोठा धोका कुणाला? प्रामाणिक निर्दोष माणसाला. त्याला वाचायचं तर खोटं बोलावं लागणार, तेही अंदाज बांधून, की माझ्याविरुद्ध कोण काय बोललं असेल. त्या अंदाजात तो आणखी चार नावं घेणार. ती चार नावं म्हणजे पुढच्या चार अटकांचा ‘पुरावा’.

प्रत्येक खटला चितेवरच संपला असं नाही. बहुतेकांना प्रायश्चित्त, दंड, हद्दपारी, मालमत्ता जप्ती, जहाजावरची सक्तमजुरी अशा शिक्षा झाल्या. दलोंलाही जहाजावरच्या सक्तमजुरीचीच शिक्षा झाली होती. पण आपला मुद्दा शिक्षेच्या आकाराचा नाही. आरोप खोटा आहे हे दाखवायची वाट या चौकटीत जवळजवळ बंद होती.

कार्ल पॉपरचं नाव नेटच्या अभ्यासात वाचलं असेल. विज्ञानाचं विधान खोटं ठरण्याची शक्यता उघडी ठेवतं, असं त्याने १९३४ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. परीक्षेत आपण ‘फॉल्सिफायेबिलिटी’ एवढा शब्द लिहून दोन मार्क घेतो. ती नसली तर काय होतं, ते हे.

तिसरी अडचण : साधं गणित

समजा एका मुलखात १०,००० माणसं आहेत आणि त्यातली १०० खरोखर ‘पाखंडी’ आहेत. आकडे मी उदाहरणासाठी घेतोय. तुमची शोधपद्धत चांगली आहे. १०० खऱ्यांपैकी ९० ती पकडते. आणि निर्दोष १०० जणांमागे फक्त १० जणांवर चुकून बोट ठेवते. ऐकायला बरी वाटते ना?

आता मोजा. खरे पकडले ९०. निर्दोष आहेत ९,९००, त्यांच्यापैकी चुकून पकडले ९९०. एकूण धरलेले १,०८०. त्यात खरे फक्त ९०, म्हणजे शंभरात जेमतेम आठ. बाकीचे ब्याण्णव उगाच.

वैद्यकीय तपासण्यांमध्ये हे गणित नेहमी लागतं. दुर्मिळ गोष्ट शोधताना चांगली चाचणीसुद्धा बहुतेक वेळा चुकीच्याच माणसावर बोट ठेवते. म्हणून पहिल्या चाचणीनंतर दुसरी, वेगळ्या तत्त्वावर चालणारी चाचणी करतात.

इन्क्विझिशनमध्ये दुसरी चाचणी कोणती होती? कबुली. आणि कबुली पहिल्या संशयापासून वेगळी नाही, त्याच संशयाच्या दबावाखाली निघालेली आहे. त्या १,०८० जणांना कोठडीत टाका, आरोप सांगू नका, वर्ष-दोन वर्षं ठेवा. समजा सगळ्यांनी कबूल केलं. आता तुमच्या नोंदवहीत काय दिसेल? धरले १,०८०, दोषी निघाले १,०८०. अचूकता शंभर टक्के! आठ टक्क्यांची पद्धत कागदावर शंभर टक्क्यांची झाली आणि वहीत एकही आकडा खोटा लिहावा लागला नाही.

सगळ्या सातच्या सात हायपोथेसिस सिद्ध झालेला प्रबंध बघितला की मला ही वही आठवते.

एक वैज्ञानिक या वहीत सापडला त्याची गोष्ट

गार्सिया द ऑर्टा हे नाव बॉटनी आणि फार्मसीच्या मुलांनी ऐकलेलं असेल. पोर्तुगीज वैद्य, गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात इथल्या औषधी वनस्पती, मसाले, फळं, पटकीसारखे रोग यांची माहिती आहे. दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपात. पुस्तकाची खुबी ही, की ग्रीक ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा आपण इथे डोळ्यांनी काय पाहिलं याला तो जास्त किंमत देतो. थोरामोठ्यांचं लिहिणं चुकू शकतं, तपासून बघा, हा त्याचा सूर.

ऑर्टा नव्या ख्रिश्चनांच्या घराण्यातला होता. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळण्यात आलं. नातेवाइकांच्या जबाबांतून त्याच्यावरही मरणोत्तर ठपका आला आणि १५८० मध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून जाळली गेली. मेलेला माणूस ‘नाही’ म्हणायला येऊ शकत नाही. पद्धतीला त्याची गरजही नव्हती.

एकाच शहरात, एकाच दशकात, ज्ञान मिळवायच्या या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. एक झाडाला विचारत होती आणि झाड सांगेल ते लिहीत होती. दुसरी माणसाला विचारत होती आणि आधीच ठरलेलं लिहीत होती.

उरलेल्या कागदांचं काय?

आणखी एक धडा, खास करून ज्यांचं काम जुन्या नोंदींवर आहे त्यांच्यासाठी. गोव्याच्या खटल्यांच्या मूळ फाइली एकोणिसाव्या शतकात, इन्क्विझिशन बंद झाल्यानंतर, नष्ट झाल्या. मग आपल्याला एवढं कळलं कसं? १६२३ मध्ये जुआंव देल्गादो फिगेइरा या अधिकाऱ्याने तोवरच्या खटल्यांची वर्णानुक्रमे सूची केली होती. तीन हजारांहून जास्त नोंदींची ही सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. गोवा-लिस्बन पत्रव्यवहाराचा मोठा भाग चक्क ब्राझीलमध्ये, रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दलोंचं पुस्तक आहे. आणि आपल्या मराठीतले मोठे संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी यावर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १९६१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. विज्ञानाचे असाल तरी तो चाळा, साधनं कशी जोडायची हे शिकायला मिळतं.

अभ्यासक एक आकडा देतात : १५६१ ते १७७४ या काळात १६,२०२ जणांवर खटले, त्यातल्या ५७ जणांना प्रत्यक्ष जाळल्याची आणि ६४ जणांचे पुतळे जाळल्याची माहिती. हा आकडा दोन बाजूंनी वापरला जातो. एक म्हणतो, ‘बघा, फक्त ५७!’ दुसरा म्हणतो, ‘सगळं लपवलंय, हजारो असतील.’ संशोधकाने काय म्हणावं? ‘माहीत असलेले ५७.’ फाइली जळाल्या असतील तर हा आकडा तळ दाखवतो, छत दाखवत नाही. आणि छत किती उंच हे आपल्या मनाने ठरवायचं नाही. शिवाय ही सूची कुणी केली? धरणाऱ्याने. धरलेल्याचं म्हणणं त्यात नाही. तुमच्या डेटासेटबद्दलही हे दोन प्रश्न विचारा : यातलं काय गळालंय, आणि नोंद ठेवणारा कोण होता?

आता उलट उदाहरण : लोणार

पद्धतीला ‘नाही’ म्हणता येतं तेव्हा काय घडतं हे बघायला आपल्याला लांब जायला नको. लोणार आपल्या शेजारचाच तालुका. बसाल्ट खडकातला साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, मध्ये खारं पाणी. लहानपणी सहलीला गेलो की एकच वाक्य ऐकायचं, ‘उल्का पडली.’ पण भूवैज्ञानिकांना हे इतकं सरळ नव्हतं. आजूबाजूला सगळा दख्खनचा लाव्हा, मग खड्डा ज्वालामुखीचा का नसावा? अंदाज अगदी रास्त होता.

मग निकाल लागला कसा? दोन्ही बाजूंनी खोटं ठरण्याची जोखीम घेतली. ज्वालामुखी असेल तर खडकात काय सापडायला नको? मॅस्केलिनाइट. फेल्डस्पार नावाच्या खनिजाला प्रचंड दाबाचा झटका बसला की त्याची ही काच होते. ज्वालामुखीत तेवढा दाब तयारच होत नाही. ही काच मिळाली नसती तर उल्कापाताच्या बाजूची मोठी अडचण झाली असती. ती मिळाली. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात भारतीय आणि परदेशी संशोधकांच्या गटाने लोणार हे बसाल्टमधलं आघात-विवर असल्याचं मांडलं. खडकाला कोठडीत टाकलं नाही. त्याला असा प्रश्न विचारला की तो ‘नाही’ म्हणू शकत होता.

आणि गोष्ट इथेही संपत नाही. खड्ड्याचं वय किती? थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने साधारण ५२ हजार वर्षं आलं. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने आलं साधारण ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! तरी कुणी कुणाला पाखंडी म्हटलं नाही. दोन्ही आकडे छापून आले, त्यांच्या त्रुटीच्या मर्यादांसकट, आणि पुढच्या संशोधकाने कुठे खणायचं ते कळलं.

तुमच्या सिनॉप्सिसकडे परत

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचा आवडता विषय घेऊया : घाटाखालचा खारपाणपट्टा आणि किडनीचे आजार. विषय महत्त्वाचा आहे, माणसं खरोखर सोसताहेत. पण डिझाइन बहुतेक वेळा असं असतं : खारपाणपट्ट्यातले १०० किडनीचे रुग्ण घ्यायचे, त्यांना विचारायचं की बोअरचं खारं पाणी पिता का. ९५ जण ‘हो’ म्हणतात. निष्कर्ष : खाऱ्या पाण्याने किडनी जाते.

थांबा. त्याच गावातले निरोगी १०० जण कोणतं पाणी पितात? तेही ९५ जण तेच पाणी पीत असतील तर? तुम्ही विचारलंच नाही. घाटावरच्या गावांत रुग्ण किती? मधुमेह, रक्तदाब, वेदनाशामक गोळ्या, उन्हातली मजुरी, यांची नोंद कुठे आहे? या डिझाइनमध्ये उत्तर ‘नाही’ येण्याची जागाच नाही. पाणी खरंच दोषी असू शकतं. पण या पद्धतीने ते सिद्ध होत नाही, फक्त कबूल करवून घेतलं जातं. आणि नुकसान कुणाचं? उद्या खरं कारण दुसरंच निघालं, तर मधली दहा वर्षं त्या गावाने चुकीच्या उपायावर घालवलेली असतील.

म्हणून सिनॉप्सिस गाईडकडे द्यायच्या आधी एका कोऱ्या कागदावर हे पाच प्रश्न लिहून उत्तरं काढा :

१. कोणता निकाल आला तर मी म्हणेन की माझी हायपोथेसिस चुकली? आकड्यात लिहा, डेटा गोळा करायच्या आधी.

२. मी मोजतोय ती गोष्ट कशाच्या जागी उभी आहे? तो बिनमिठाचा भात तर नाही ना?

३. ज्यांच्यात ती गोष्ट नाही अशांची तुलना आहे का? नुसते धरलेले मोजू नका, मोकळे असलेलेही मोजा.

४. माझा दुसरा पुरावा पहिल्यापासून स्वतंत्र आहे का, की पहिल्याच संशयातून निघाला आहे?

५. माझ्या हाती न आलेला डेटा कोणता, आणि तो का आला नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत अवघड जातं. ‘सर, हायपोथेसिस सिद्ध झाली नाही तर पीएचडी मिळेल का?’ ही भीती मनात असते. मिळते. नीट डिझाइन केलेल्या अभ्यासातून आलेलं ‘नाही’ हा निष्कर्षच आहे. व्हायवाला त्याचं समर्थन करता येतं. ओढूनताणून आणलेल्या ‘हो’चं समर्थन करताना मात्र घाम फुटतो, कारण बाहेरून आलेला परीक्षक पहिला प्रश्न कंट्रोल ग्रुपवरच विचारतो.

मघाशी ‘रीतसर’ हा शब्द लक्षात ठेवा म्हणालो होतो. प्लॅगियरिझमचा रिपोर्ट दहा टक्क्यांच्या आत, फॉरमॅट बरोबर, सह्या झालेल्या, शोधगंगेवर अपलोड. सगळं रीतसर. व्हडल्या घरातही सगळं रीतसरच होतं. कागद नीट असणं वेगळं आणि प्रश्न नीट विचारलेला असणं वेगळं.

पुढच्या लेखात कंट्रोल ग्रुप कसा निवडायचा ते बघू, आपल्याच तालुक्यातल्या विहिरींचं उदाहरण घेऊन. तोवर तो कोरा कागद घ्या आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहा.